विशेष मुलांचं गणित : जूनमध्ये शाळा उघडण्याआधीची तयारी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कोणासाठी आहेत?

विशेष शाळेत गणित शिकवणारे, ‘समग्र शिक्षा’ या सरकारी शिक्षण योजनेअंतर्गत शाळांना भेटी देणारे विशेष शिक्षक, आणि ज्यांच्या नेहमीच्या वर्गात एक-दोन दिव्यांग मुलं आहेत असे वर्गशिक्षक. मुख्यतः पहिली ते आठवीच्या पातळीचं बोलू. बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, कर्णबधिरत्व, अंधत्व या प्रत्येकाचं गणित वेगळं असतं, तेव्हा जे ज्याला लागू आहे ते तिथे सांगितलं आहे.

तयारी कधी सुरू करायची?

शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात उन्हामुळे जूनच्या अखेरीस. पण खरी तयारी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच सुरू होते, कारण मुलांच्या वह्या त्याच आठवड्यात रद्दीत जातात. प्रत्येक मुलाची गणिताची शेवटची वही आणि तपासलेल्या दोन-तीन चाचण्या आधीच्या शिक्षकांकडून मागून घ्या. गुणांचा तक्ता पुरेसा नाही. ‘२० पैकी ७’ यातून काहीच कळत नाही. वहीत मात्र दिसतं की मूल बेरीज उजवीकडून करतं की डावीकडून, हातचा कुठे लिहितं, आणि कोणत्या पानापासून उत्तरं फळ्यावरून उतरवलेली आहेत. हे शेवटचं ओळखणं सोपं आहे. उत्तर बरोबर, पण बाजूला कच्चं काम नाही आणि खोडलेलंही काही नाही.

एप्रिल हुकला असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात फाइल, साहित्य आणि तपासणीचा कागद एवढं तरी उरकून घ्या.

मुलाच्या फाइलमध्ये नेमकं काय बघायचं?

अपंगत्वाची टक्केवारी सगळे आधी बघतात. योजना आणि सवलतींसाठी ती लागते, गणित शिकवायला तिचा उपयोग नाही. तुमच्या कामाच्या गोष्टी अशा : चष्मा किंवा श्रवणयंत्र आहे का आणि मूल ते खरंच वापरतं का, फिट येतात का, औषधानं सकाळी गुंगी असते का (असेल तर गणिताचा तास पहिला नको), घरी कोणती भाषा बोलतात, आणि मागच्या आयईपीतलं (मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यातलं) कोणतं उद्दिष्ट सलग दोन वर्षं तसंच उतरवलं गेलं आहे. असं उद्दिष्ट सापडलं तर पहिल्यांदा तेच मोडून लहान करा. दोन वर्षांत जे जमलं नाही त्याची पायरीच फार उंच होती.

हे सगळं प्रत्येक मुलामागे एका पानावर मावलं पाहिजे. चार पानांचा अहवाल जुलैत कोणी उघडत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत मुलाची पातळी कशी तपासायची?

लेखी चाचणीनं नाही. एकेकट्या मुलासोबत, १५ मिनिटांच्या तीन बैठकांत, वेगवेगळ्या दिवशी. सोबत बाटल्यांची २० झाकणं, सुट्या काड्या आणि एक कोरा कागद. क्रम असा ठेवा :

१. टेबलावर १३ झाकणं विस्कटून ठेवा, “मोज” म्हणा. बोट आणि शब्द बरोबर चालतात का ते पाहा. मोजून झाल्यावर विचारा, “किती आहेत?” मूल पुन्हा एकपासून मोजायला लागलं, तर शेवटचा शब्द म्हणजेच एकूण संख्या हे त्याला अजून उमगलेलं नाही. शंभरपर्यंत धडाधड म्हणणारी मुलंही इथे अडकतात.

२. “मला ९ दे.” मोजून दाखवण्यापेक्षा मोजून काढणं अवघड, कारण कुठे थांबायचं ते लक्षात ठेवावं लागतं.

३. ७ आणि ९ झाकणांचे दोन ढीग. न मोजता जास्त कुठे? मग ९ची झाकणं दाटीनं आणि ७ची पसरून ठेवा, पुन्हा विचारा.

४. वाचन : ६, ९, १२, २१, २९, ४०, ५९, १०६.

५. ऐकून लेखन : सतरा, एकाहत्तर, एकोणतीस, नव्व्याऐंशी, दोनशे आठ. ‘दोनशे आठ’ला २००८ लिहिलं तर मूल ऐकेल तसं लिहितं आहे. स्थानिक किंमत अजून पक्की नाही.

६. ८ + ५ आधी झाकणं घेऊन, मग नुसतं. मूल आठपासून पुढे मोजतं की पुन्हा एकपासून?

७. वर जमलं तरच ५२ − २७.

सलग तीन चुकले की थांबा. तपासताना दुरुस्ती करू नका, “छान” असंही म्हणू नका, कारण तुमचा चेहरा वाचून उत्तर बदलण्यात ही मुलं पटाईत असतात. कागदावर बरोबर-चूक अशी खूण नको, मुलानं काय केलं ते शब्दांत लिहा : ‘बोटं वापरली’, ‘१४ नंतर १६’, ‘मोठ्यातून लहान वजा केलं’.

सुट्टीत बरंच विसरलेलं असतं, पण त्यातलं काही आठवड्याभरात आपोआप परत येतं. म्हणून हाच कागद तिसऱ्या आठवड्यात पुन्हा वापरा. उद्दिष्टं त्या दुसऱ्या नोंदीवरून ठरवा.

मूल एकोणतीसला ३९ आणि सत्तावीसला ७२ का लिहितं? हे डिस्कॅल्क्युलियाचं (गणितातल्या अध्ययन अक्षमतेचं) लक्षण आहे का?

बहुतेक वेळा आधी मराठीचं लक्षण आहे. या एका प्रश्नावर शिक्षकांनी जूनमध्ये सर्वांत जास्त वेळ द्यावा असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण इथे बिघडलेलं पुढे पाचवी-सहावीपर्यंत निस्तरत बसावं लागतं.

मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक नंतर : सत्ता-वीस. लिहिताना मात्र दशक आधी. कानाला ‘सात’ आधी लागतो म्हणून मूल ७ आधी लिहितं. त्यात दशकाचं नावही तेच राहत नाही. पन्नासचं ‘वन्न’ होतं (बावन्न) आणि ‘पन्न’ही होतं (त्रेपन्न), साठचं ‘सष्ट’, सत्तरचं ‘हत्तर’, नव्वदचं ‘ण्णव’. एकोण ही तर वजाबाकीच आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. मुलाला ऐकू येतो ‘तीस’ आणि सवयीनं जोडलेला नऊ, म्हणून ३९. आणि एकोणऐंशीपर्यंत ही रीत शिकवून झाली की पुढे नव्व्याऐंशी आणि नव्व्याण्णव हे दोघं ती पाळतच नाहीत.

बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन दिलं, तेव्हा मोठा वाद झाला. भाषेचं काय व्हायचं ते होवो, विशेष मुलाच्या हातात ती एक चांगली पायरी आहे. ती अशी वापरा :

पहिले दोन आठवडे दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्यांसोबत फक्त ‘वीस-सात’, ‘चाळीस-तीन’. दोन गठ्ठे डाव्या हाताला, सात काड्या उजव्या हाताला. मग पत्ते आणा : दशकाचा पत्ता (२०, ३०, ४०) एककाच्या पत्त्याच्या दुप्पट रुंद, म्हणजे ७चा पत्ता २०मधल्या शून्यावर बरोबर बसतो आणि खाली शून्य लपलेलं आहे हे मूल उचलून बघू शकतं. हे जमलं की नेहमीचं नाव जोडा : “वीस-सात, म्हणजे सत्तावीस.” ऐकून लिहिताना शब्दाचं शेपूट पकडायला शिकवा. ‘सत्ता-वीस’, शेपूट वीस, आधी २ लिहायचे, मग मागे फिरून सात.

एकोणच्या संख्या या टप्प्यात घेऊच नका. २० ते २८, ३० ते ३८, ४० ते ४८ असं जाऊन मग १९, २९, ३९ एकत्र घ्या, संख्यारेषेवर : तिसावर उभं राहा, एक पाऊल मागे.

पालक म्हणतात, दुकानात कोणी ‘वीस-सात’ म्हणत नाही. बरोबर आहे, म्हणून तर दोन्ही नावं द्यायची आणि दिवाळीपर्यंत पहिलं सोडवायचं.

एवढं करूनही मुलाला ४ आणि ७ मधला लहान-मोठा पटकन सांगता येत नसेल, पाच वस्तूही दर वेळी मोजाव्या लागत असतील, तर मात्र तपासणीसाठी पाठवा. निदान करणं शिक्षकाचं काम नाही.

अंक देवनागरी ठेवायचे की इंग्रजी?

दोन्ही एकाच तासात नकोत, हा पहिला नियम. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ यांची गफलत सेमी-इंग्रजी वर्गात नेहमीची आहे. मूल मराठी माध्यमाच्या पुस्तकाबरोबर चालणार असेल तर प्राथमिकला देवनागरी ठेवा. बौद्धिक अक्षमतेमुळे व्यवहारापुरतंच गणित असेल तर सरळ इंग्रजी अंक घ्या, कारण मोबाइल, गणकयंत्र आणि दुकानातला वजनकाटा तेच दाखवतात. एसटीच्या पाटीवरचे देवनागरी अंक नंतर, चित्र ओळखावं तसे शिकवता येतात.

३ आणि ६ उलटे पडत असतील तर रोज दहा वेळा गिरवून घेऊ नका. मुलाच्या बाकावर डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लावा. ३चं पोट हिरव्या ठिपक्याकडून उघडं, ६चं बंद. एवढी खूण पुरते.

आठ मुलांच्या गटासाठी साहित्य काय आणि किती?

विकतचे महागडे संच लागत नाहीत, पण मोजून केलेली तयारी लागते.

आइस्क्रीमच्या काड्या : एका संचात १२०, म्हणजे दहाचे दहा गठ्ठे आणि वीस सुट्या. चार संच पुरतात, एकूण ४८०. गठ्ठा बांधायला बारीक रबरबँड नको, बोटांना जमत नाही आणि पावसाळ्यात चिकट होऊन तुटतो. केसांना लावायचे जाड कापडी रबर घ्या. प्लास्टिकचे तयार दशक दांडे सुरुवातीला टाळा. ते सुटत नाहीत, त्यामुळे आत दहा आहेत यावर मुलाचा विश्वास बसत नाही. गठ्ठा सोडून दहा सुटे झालेले स्वतःच्या हातात दिसले पाहिजेत.

दहाची चौकट (पाच-पाच खणांच्या दोन रांगा) : ३० अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे ५ गुणिले ६ असतो. दोन-दोन रांगांत कापला की एका ट्रेचे दहा खणांचे तीन तुकडे होतात. तीन ट्रे आणले तर आठ मुलांना एकेक आणि एक तुकडा तुम्हाला. कापल्यावर उन्हात वाळवा आणि आतून तैलरंगाचा एक हात द्या, नाहीतर जुलैत बुरशी धरते.

मोजायच्या वस्तू : चिंचोके छानच, पण नाकात-तोंडात घालणारं एक जरी मूल असेल तर वर्गात नको. बाटल्यांची झाकणं घ्या, साधारण २००. कडधान्याला पावसाळ्यात कीड लागते.

नाणी : खरीच घ्या, बँकेतून आणा. एका मुलामागे १ रुपयाची १०, २ची ५, ५ची ४ आणि १०ची ५, म्हणजे ९० रुपये. आठ जणांचे ७२०. प्लास्टिकच्या नाण्यांवर शिकलेलं मूल दुकानात गोंधळतं, कारण ५ आणि १० रुपयांची नाणी वजनानं आणि कडेनं ओळखायची असतात. खेळातल्या नोटांच्या जुन्या संचात २०००ची नोट असते आणि २००ची नसते. तो संच आधी तपासा.

चुंबकाचे अंक : स्टीलच्या ताटावर लावायचे ठरवलं असेल तर घरून एक चुंबक नेऊन बघा, बऱ्याच ताटांना चिकटत नाही. पत्र्याच्या पेटीचं झाकण हमखास चालतं. हात थरथरणाऱ्या मुलांसाठी, सेरेब्रल पाल्सीच्या विशेषतः, पेन्सिलीपेक्षा हेच बरं. बाकावर पाटी सरकू नये म्हणून स्वयंपाकघरातल्या फडताळात घालायची रबरी जाळी तळाशी ठेवा.

वही मोठ्या चौकटीची, एका चौकटीत एक अंक. पानावर चारच उदाहरणं.

पाढे पाठ करून घ्यायचे का?

पाठांतर चालत असेल तर जरूर घ्या. लय ही काही मुलांची मोठी ताकद असते आणि ती हिरावून घेऊ नये. पण तपासा की पाढा साखळी आहे की ज्ञान. सात सक किती असं मधूनच विचारलं की मूल ‘सात एके सात’पासून धावायला लागतं. दुसरी अडचण शब्दांची : दुणे, त्रिक, चोक, सक हे शब्द दोन, तीन, चार, सहासारखे लागत नाहीत. ‘बे त्रिक सहा’ म्हणजे दोनाचे तीन गट हे कोणी सांगितलंच नसेल, तर मुलासाठी ते निव्वळ गाणं आहे. ताटात दोन-दोन झाकणांचे गट मांडत म्हणा : “दोन-दोनचे तीन गट, बे त्रिक सहा.”

क्रम २, १०, ५ असा घ्या. मग ४ (दोनचं दुप्पट), मग ३. सहाच्या पुढचे पाढे ज्याला जमत नाहीत त्याला पाढ्यांचा तक्ता बाकावर चिकटवून द्या आणि भागाकार शिकवायला लागा. पाढा येईपर्यंत भागाकार अडवून ठेवू नका.

हातच्याची वजाबाकी काही केल्या येत नाही.

५२ − २७ला ३५ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं. “वर लहान, खाली मोठा, मग शेजारून घे” हा नियम पुन्हा सांगून हे सुटत नाही. तीन आठवडे गठ्ठा सोडण्याचं काम करा. तरीही अडलं तर उभी मांडणी सोडून द्या आणि पुढे मोजून घ्या : २७ ते ३० तीन, ३० ते ५० वीस, ५० ते ५२ दोन. पंचवीस.

मध्ये शून्य आलं, समजा ३०४ − १२७, तर दोन्ही संख्यांतून ५ कमी करा : २९९ − १२२. फरक बदलत नाही, हातचा लागत नाही, उत्तर १७७. हे पटवायला दोन मुलांना एका पायरीच्या अंतरानं जिन्यावर उभं करा. दोघंही एक पायरी उतरले तरी अंतर तेवढंच.

शाब्दिक उदाहरणांत ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ की वजाबाकी, असं शिकवू का?

नको. “मीराकडे ८ पेरू आहेत, ते राजूपेक्षा ३ने जास्त आहेत, राजूकडे किती?” ‘जास्त’ला बेरीज जोडलेलं मूल ११ सांगतं. कर्णबधिर मुलांना तर ‘पेक्षा’, ‘ने’, ‘पैकी’ हे छोटे शब्द निसटतात आणि उदाहरणाचा सगळा अर्थ त्यांच्यातच असतो. शब्द सोपे करण्याऐवजी पट्ट्या द्या : मीराची लांब, राजूची आखूड, वाढीव तुकड्यावर ३. आधी आकड्यांशिवाय विचारा, “कोणाकडे जास्त?” ते बरोबर आलं की मगच आकडे. स्वमग्न मुलांसाठी पेरू-आंब्यांच्या ऐवजी त्यांच्या आवडीची वस्तू घाला, लोकलचे डबे असतील तर डबेच.

आयईपीत गणिताचं उद्दिष्ट कसं लिहायचं?

‘बेरीज समजेल’ हे उद्दिष्ट नाही. असं लिहा : ‘दहाच्या दोन चौकटी समोर असताना, उत्तर १८पर्यंत येईल अशा एकअंकी बेरजा पुढे मोजून करेल, १० पैकी ८ बरोबर, सलग तीन दिवस, सप्टेंबरअखेर.’ साहित्य कोणतं, मर्यादा किती, किती वेळा बरोबर आणि कधीपर्यंत, या चारांपैकी एक गाळलं तरी मार्चमध्ये भांडण होतं. सत्राला गणिताची तीनच उद्दिष्टं पुरेत. बौद्धिक अक्षमतेसाठी एफएसीपी (मुलाला रोजच्या व्यवहारातली कोणती कौशल्यं येतात ते बघायची) तपासणी सूची वापरत असाल तर तिच्यात ८० टक्के जमल्यावर पुढच्या स्तरावर नेतात. पण ८० टक्क्यांची वाट बघत पैशांचा व्यवहार मागे ठेवू नका. १५ वर्षांच्या मुलाला आजच दुकानात जायचं आहे.

वर्गात अंध विद्यार्थी येणार आहे. काय हवं?

टेलर फ्रेम, म्हणजे खिळे बसवून स्पर्शानं गणित मांडायची पाटी. तिच्या अष्टकोनी छिद्रांत खिळा आठ दिशांनी बसतो आणि त्याची दोन टोकं वेगळी असतात, म्हणून एकाच खिळ्यातून १६ चिन्हं होतात. म्हणूनच एक घर फिरलं की अंकच बदलतो. मे महिन्यात छिद्रांतला मळ टोकदार काडीनं काढा आणि खिळे मोजा, हरवलेले आधीच मागवा. जूनमध्ये मागवलेलं साहित्य जूनमध्ये येत नाही. फळ्यावर लिहिताना “हे आणि हे मिळवा” म्हणायचं नाही, आकडा तोंडानं सांगायचा.

दहावीच्या सवलतींसाठी जूनमध्येच काही करावं लागतं का?

हो, आणि नववीच्या जूनमध्ये केलेलं उत्तम. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण शाळेच्या किंवा खासगी समुपदेशकाच्या चिठ्ठीवर सवलत मिळत नाही. अधिकृत रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं आणि तिथे तारखा मिळायला वेळ जातो. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. तासाला २० मिनिटं जादा म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. मूल तो जादा तास बसून काढतं की वापरतं हे सरावाशिवाय कळत नाही, म्हणून सहामाहीपासूनच तो द्या. गणकयंत्राची सवलत मिळणार असेल तर साधं गणकयंत्र नववीपासून हातात द्या. ४७चं ७४ दाबलं गेलं तर यंत्र चूक दाखवत नाही, म्हणून उत्तर येण्याआधी अंदाज सांगायची सवय लावा.

पालकांना घरी काय सांगायचं?

गृहपाठाचं पान देऊ नका. रोज एक काम द्या : माणशी तीन पोळ्या तर चौघांना किती, डब्यातून दीड वाटी तांदूळ काढ. सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन हे शब्द घरातच शिकले जातात. मूल दीडला ‘साडेएक’ म्हणालं तर हसू नका, त्यानं नियम बरोबर लावला आहे. पावणेदोन मात्र दोनाच्या पुढचं वाटतं. वाटीनं दाखवा, दोन भरायला पाव कमी.

गणपती आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं विसरलं तर?

जूनचाच तपासणी कागद काढा, प्रत्येकी १० मिनिटं, फक्त चौथा, पाचवा आणि सहावा भाग. जे गेलं ते साहित्य घेऊन परत केलं की सहसा लवकर येतं. दोन आठवड्यांतही परत आलं नाही, तर ते सुट्टीआधी पक्कं झालेलं नव्हतं आणि तुम्ही साहित्य लवकर काढून घेतलं होतं. काड्या पुन्हा बाकावर ठेवा.